‘समेट’ की ‘सलोखा’? एका शब्दापाशी अडलेय

मांजराकाठ (लातूर): कोलंबियावरचा एक लेख मराठीत करतेय. तिथे सरकार आणि फार्क बंडखोर ५२ वर्षं लढले, दोन लाखांवर माणसं गेली. २ ऑक्टोबर २०१६ ला शांतता करारावर मतदान झालं आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकानं लोकांनी तो फेटाळला. तीनच दिवसांनी राजधानी बोगोटात हजारो लोक, बरेचसे पांढऱ्या कपड्यांत, मूक मोर्चानं निघाले. त्यांना हवं होतं ते ‘रिकन्सिलिएशन’. मी ‘समेट’ लिहिलं. शिक्षक असलेल्या मित्रानं खोडलं. म्हणाला, समेट पुढारी करतात.

दुधनेकाठचा: सलोखा लिहा की. २०२३ पासून सरकारची ‘सलोखा योजना’च आहे. माझी जमीन तुमच्या ताब्यात, तुमची माझ्या, असं बारा वर्षं चाललं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. आमचा झाला. चुलती मात्र अजून आईशी बोलत नाही. ती बोलेल तेव्हा मी दिलजमाई म्हणेन.

शुद्धमती: दिलजमाई फारसी वळणाचा. ‘मनोमिलन’ असताना उसनवारी कशाला?

दुधनेकाठचा: मनोमिलन पेपरात, एका पक्षातले दोन नाराज एका ताटात जेवले की. आणि फारसीचा विटाळ धरायचा तर सलोखाही सोडा, बखरीतला ‘सलूख’ कुठला आहे बघा. १९४८ पर्यंत निजामात होतो आपण. माझी आजी ‘दिलजमाई’ म्हणायची, ती अंगठा लावणारी बाई. तिला कोण परभाषी म्हणणार?

गोदातीर (नांदेड): आमच्या घरात हे शब्द जपून वापरतात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. आमचं घर त्यातच गेलं. पुढे गावची चार माणसं आजोबांकडे आली, ‘मिटवून घ्या’ म्हणाली. आजोबा म्हणाले, ‘भांडण आमचं नव्हतंच, मिटवू काय?’ १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं, ऐन संक्रांतीला. त्या संध्याकाळी पाटलाची सून वाटीभर तिळगूळ घेऊन आमच्या दारात आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. आजीनं घेतला, आत जाऊन तीच वाटी शेंगदाण्यांनी भरून परत दिली. याला समेट म्हणायचं नाही.

शुद्धमती: ‘नामविस्तार’ हाच मुळात तडजोडीचा शब्द.

गोदातीर: असेल. पण सोळा वर्षं लढून मिळालेल्या नावाला नुसती तडजोड म्हणताना ज्यांचे जीव गेले ते आठवा.

मांजराकाठ: तिळगुळावरून लेखातलाच प्रसंग आठवला. ११ ऑक्टोबर २०१६ ला बोगोटाच्या बोलिव्हार चौकात साध्या लोकांनी पांढरे कपड्याचे तुकडे हातानं एकमेकांना शिवले. प्रत्येकावर संघर्षात गेलेल्या एकेकाचं नाव, राखेनं लिहिलेलं. अख्खा चौक झाकला. कल्पना शिल्पकार दोरिस साल्सेदो यांची.

बालाघाटची: मग ‘दंड घालणे’ घ्या! नऊवारी मध्ये विरली की आई विरलेला पट्टा फाडून काढायची, उरलेले दोन चांगले तुकडे जोडायची. तो जोड म्हणजे दंड. नेसल्यावर शिवण दिसायचीच, हाताला लागायची. पण लुगडं चालायचं. जे फाटलं ते गेलंच, उरलेलं जोडून नेसायचं.

शुद्धमती: शब्द सुरेख, पण ‘देशानं दंड घातला’ लिहिलंत तर वाचक शिक्षा समजेल. कोलंबियाच्या करारात गुन्ह्यांसाठी खास न्यायालयही आहे.

गोदातीर: समजू दे. शिक्षेशिवाय आम्हाला कुठला शब्द पटला असता?

बालाघाटची: लुगड्याचा दंड आणि शिक्षेचा दंड मूळचे एकच का? आमच्याकडे बांधालाही दंड म्हणतात.

दुधनेकाठचा: पाण्याच्या पाटाला म्हणतात हो, बांधाला नाही. तुमचं गाव कुठलं?

बालाघाटची: पाटोद्याजवळ. बांधालाच म्हणतो आम्ही.