मदत हवी आहे : मंथली (रामेछाप) ते लुक्ला विमानप्रवास आणि परतीचे नियोजन

नमस्कार.

येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे ६४ वर्षांचे वडील नेपाळला जाणार आहोत. एव्हरेस्ट बेस कॅम्प नाही. नामचे बाजार आणि तेंगबोचेपर्यंतच जाऊन परत फिरायचे आहे. चालण्याची तयारी व्यवस्थित चालू आहे. माझी अडचण विमानप्रवासाच्या वेळेची आहे.

काठमांडू विमानतळावरचा ताण कमी व्हावा म्हणून गर्दीच्या हंगामात, जिथून ही पायी वाट सुरू होते त्या लुक्लाची बहुतेक विमाने रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून सोडतात, हे आरक्षण करताना समजले. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ७४ किलोमीटर आणि वेळ ३५ मिनिटे दिसली, तिकिटावर मात्र २० मिनिटे आहेत. त्या संकेतस्थळाने मोठ्या जेट विमानाचा वेग धरून वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास सरसकट मिळवला होता. इथे जाणारी ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर ही जेमतेम १९ आसनांची विमाने ताशी २७० किलोमीटरच्या आसपास जातात, असे धरले तर सोळा-सतरा मिनिटे होतात आणि दरीतली वळणे मिळवून वीसचा हिशेब जुळतो.

ही वीस मिनिटे विमान उडाले तरची आहेत, आणि माझी काळजी तिथेच आहे. मंथली जेमतेम पावणेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर लुक्ला सुमारे २,८४५ मीटरवर. लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब, जवळपास १२ टक्के चढाची, आणि वरच्या टोकाला थेट डोंगर असल्याने शेवटच्या टप्प्यात विमान पुन्हा वर घेण्याची सोय नाही. वैमानिकाला समोरचे स्पष्ट दिसले तरच उतरता येते. दिवस चढला की वारा आणि ढग वाढतात, म्हणून उड्डाणे शक्यतो सकाळीच उरकतात. ती गाठण्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर निघून १३० किलोमीटरचा घाटरस्ता चार-पाच तासांत कापावा लागतो.

सहल आयोजकाने दिलेला कागद माझ्यासमोर आहे. परतीच्या दिवशी लुक्ला ६.३०, मंथली ६.५०, काठमांडू १२.०० आणि मुंबईचे विमान सायंकाळी, असे ओळीने छापले आहे. मधे मोकळा दिवस एकही नाही. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. पहाटेपासून ताटकळत ठेवून त्यांना त्याच दिवशी पाच तास गाडीत बसवणे माझ्या मनाला पटत नाही.

या मार्गाने ऑक्टोबरमध्ये जाऊन आलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आपला अनुभव सांगावा. मुंबईच्या विमानाआधी एक दिवस राखीव ठेवणे पुरेल, की दोन ठेवावेत? जाताना मध्यरात्रीचा प्रवास टाळण्यासाठी आदल्या दिवशीच मंथलीत मुक्काम केला, तर ज्येष्ठांना मानवेल अशी राहण्याची सोय तिथे मिळते का? आणि लुक्लाहून विमान सुटलेच नाही, तर खालच्या सल्लेरी गावाच्या बाजूने जीपने उतरणे ६४ वर्षांच्या माणसाला झेपेल का, की हेलिकॉप्टरसाठी पैसे बाजूला ठेवावेत?

सामानाचेही विचारायचे आहे. हातातल्या पिशवीसह १५ किलोची मर्यादा सांगितली आहे. काल तराजूच्या हुकाला वडिलांची बॅग अडकवली, तर ती एकटीच साडेसोळा भरली, आणि त्यात औषधांचा डबा अजून ठेवायचा होता. जादा वजनाचे पैसे भरून सामान त्याच विमानाने येते, की मागाहून? औषधे मी माझ्या अंगावरच्या जॅकेटच्या खिशात ठेवणार आहे, पण त्यांची झोपायची पिशवी मागे राहिली तर पहिल्याच रात्री पंचाईत होईल.

तिकिटांची तारीख बदलण्याची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे.

धन्यवाद.