वारीत मामा चुकलेत, शोध कसा घ्यावा?

मदत हवी आहे. आषाढीच्या गर्दीत चंद्रभागेच्या वाळवंटात आमचे मामा चुकले, आज चौथा दिवस. वय ७४, विसराळूपणा वाढलाय. नाव सांगतील, गाव सांगतीलच असं नाही. मोबाईल दिंडीच्या ट्रकमध्येच राहिला. एका चौकीत '२४ तास थांबा' म्हणाले (असा कुठलाही नियम नाही हे नंतर कळलं!), शेवटी मिसिंगची तक्रार नोंदवली. ११२ आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ वर फोन झाले. मामांना रेल्वेचं भारी वेड, म्हणून कुर्डुवाडी आणि मिरज दोन्हीकडे फोटो दिलाय. तिथून पुढची गाडी धरली असेल तर कुणाला गाठायचं? सरकारी दवाखाने, निवारा केंद्रं एकेक करून पालथी घालायची की एकत्र चौकशी कुठे होते? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया लगेच सांगा. मामी जेवत नाहीये.