मदत हवी आहे: इंदूर 'वाय' शहर, पण ऑफिस हद्दीबाहेर. एचआरए (घरभाडे भत्ता) कोणत्या दराने?

नमस्कार मंडळी,

भाचीची पुण्याहून इकडे इंदूरला बदली झाली आहे. नोकरी केंद्र सरकारची, खातं सांगत नाही. पुणे 'एक्स' वर्गात, त्यामुळे तिथे मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळायचा. इंदूर 'वाय', म्हणजे २० टक्के, असा हिशोब करूनच तिने आमच्या जवळ लोकमान्यनगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रुजू झाल्यावर लेखा शाखेतून कळलं की ऑफिस बायपासच्या पलीकडे ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, सबब 'झेड', १० टक्के. मूळ पगार ५० हजार धरला तर १५ हजारांचे १० हजार होतील अशी मनाची तयारी होती, हातात पडणार ५ हजार. घरमालक काही ग्रामपंचायतीच्या दराने भाडं घेत नाही!

मी वाचलं ते असं: ५० लाख आणि वर लोकसंख्या असेल तर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखालचं सगळं झेड. लोकसंख्या २०११च्या जनगणनेची. त्यात इंदूर २१ लाख ७० हजार, म्हणजे वाय असण्याबद्दल वादच नाही. (सांगलीचे साडू लगेच म्हणाले, "मग आम्ही आणि तुम्ही एकाच पंगतीला की!" खरंच आहे. पाच लाखांचा उंबरठा जेमतेम ओलांडलेली सांगलीही वायच.)

पण घरात विषय काढला आणि गोंधळ वाढला. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, ते ठामपणे म्हणाले की इंदूर मेट्रो आहे. आमचे सीए म्हणाले, छे, प्राप्तिकराच्या १९६२च्या नियमांत घरभाड्यासाठी ५० टक्क्यांची सवलत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना होती, इंदूर ४० टक्क्यांत. दोघंही आपापल्या जागी अनुभवी माणसं. मग एकाच गावाचा वर्ग माणसागणिक बदलतो कसा?

जाणकारांनी कृपया सांगावं: भत्ता राहत्या घराच्या जागेवरून ठरतो की ऑफिसच्या? आणि 'शहर' म्हणजे नगर निगमची (महानगरपालिकेची) आजची हद्द, की आणखी काही?

प्रतिसाद: जुनीफाइल

आयुष्य लेखा शाखेत गेलं, म्हणून लिहितो.

आधी तुमच्या काकांचं. ते बरोबर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात १० लाख आणि वरचं केंद्र ते महानगर. राज्यघटनेच्या कलम २४३-पी मध्येही महानगर क्षेत्राला १० लाखांचीच अट आहे. सीएही बरोबर, त्यांचा १९६२चा नियम लोकसंख्या मोजतच नव्हता, चार नावं लिहून मोकळा होत होता. नोकरी देणाऱ्याने फुकट घर दिलं तर त्याची करपात्र किंमत काढायला तिसरीच पट्टी आहे: सप्टेंबर २०२३ पासून लोकसंख्या ४० लाखांवर असेल तर पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाख साडेसात, त्याखाली ५. देशभर लागू होईल अशी शहरांची एकच यादी नाही. प्रत्येक खातं आपल्या कामापुरती रेघ मारतं. म्हणून "इंदूर कोणत्या वर्गात?" असं विचारू नका, "कशासाठी?" ते आधी सांगा.

आता भत्ता. तो कामाच्या जागेवरून ठरतो, घर कुठे आहे ते बघत नाहीत. लोकमान्यनगरचा भाडेकरार दाखवून उपयोग नाही. तिथे लेखा शाखेचं तत्त्व बरोबर आहे. पण "ग्रामपंचायत म्हणून झेड" ही उडी मला पटत नाही.

कारण भत्त्याच्या यादीत 'इंदूर' एवढंच लिहिलेलं नाही, 'इंदूर नागरी समूह' असं आहे. नागरी समूह जनगणनावाले ठरवतात. निगमची हद्द, तिला लागून पसरलेली वस्ती, शेजारची गावं असं सगळं त्यात येऊ शकतं. कागदावर ग्रामपंचायत असलेलं गावही जनगणनेत शहर ठरतं: किमान ५ हजार वस्ती, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. अशा गावात सरपंच असतो आणि जनगणना त्याला शहर म्हणते. तेव्हा ऑफिस ज्या गावाच्या शिवारात आहे त्याचं नाव २०११च्या समूहात आहे का, ते पाहा. शिवाय मध्यंतरी २९ गावं निगममध्ये आली, वॉर्ड ८५ झाले. आज ते गाव त्यांत तर नाही ना, हेही बघून घ्या. जुन्या इमारतींचे पत्ते कोणी बदलत नाही.

प्रतिसाद: लष्करकर

ग्वाल्हेरचं उदाहरण देतो, जुनीफाइल म्हणतात ते लगेच कळेल. २०११ला आमचं नगर निगम १०,५४,४२० आणि मुरार छावणी ४८,४६४. बेरीज ११,०२,८८४, तोच ग्वाल्हेर नागरी समूह. मुरार छावणी एकटी धरली तर पन्नास हजारही नाही, सरळ झेड. समूहात आहे म्हणून वाय. निगमला कर देत नाही, निगमचा नगरसेवक नाही, तरी भत्त्यापुरती ग्वाल्हेर.

प्रतिसाद: राजवाडा_पोहे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की इंदूर आता एक्स होणार. मग भांडायचं कशाला, थोडं थांबा की.

प्रतिसाद: जुनीफाइल

५० लाख लागतात हो. पुणे आणि अहमदाबाद २०११च्या आकड्यांवर एक्स झाले, २०१४ पासून. पुढची मोजणी २०२७ची, तोवर आकडे जुनेच. फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा, गुडगावला दिल्लीचा दर मिळतो, पण तो खास आदेशाने, लोकसंख्येने नव्हे.

एक वाट राहिली. गाव समूहात नसलं तरी भत्त्याच्या १९६५च्या आदेशात सोय आहे: निगमच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत कामाची जागा, त्या पट्ट्यात दुसरी उपनगरी पालिका किंवा छावणी नाही, आणि जिल्हाधिकाऱ्याचा दाखला की धान्य, दूध, भाजी, इंधन यांसाठी तो भाग शहरावरच अवलंबून आहे. दाखला तीन वर्षं चालतो. राऊ-महूच्या बाजूला ऑफिस असेल तर दुसऱ्या पालिकेची अट नीट तपासा, तिथे अडू शकतं. आणि हे एकट्या कर्मचाऱ्याने करायचं काम नव्हे, ऑफिसच्या प्रमुखाकडून प्रस्ताव जायला हवा.

धागाकर्ता

जुनीफाइल, लष्करकर, मनापासून आभार. भाचीला दाखवलं. ऑफिस राऊच्या बाजूला नाही, पूर्वेकडे आहे. तिच्याबरोबरचे बाकीचेही अनेक वर्षं १० टक्केच घेत आहेत, कोणी विचारलंच नाही म्हणे. गावाचं नाव शोधून उद्या इथे टाकतो. २०११च्या यादीत ते कुठे बघायचं, जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळेल का?

प्रतिसाद: जुनीफाइल

हो, इंदूर जिल्ह्याच्या पुस्तिकेत. शहरांच्या तक्त्यात समूहाच्या नावाखाली त्याचे घटक लिहिलेले असतात, त्यांत गाव शोधा. सापडलं तर त्या पानाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका.