पासपोर्टमधलं 'लेट' आता काढायला हवं का? मतं सांगा

पाटीपेन्सिल
आपल्या पासपोर्टात सुरुवातीलाच राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते, बहुतेक जण ती कधी वाचतच नाहीत. इंग्रजीत म्हटलंय की पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' मोकळेपणाने जाऊ द्यावं आणि गरज पडेल ती मदत आणि संरक्षण द्यावं. हिंड्रन्स म्हणजे अडथळा हे कळतं, पण लेट? आपण शाळेपासून शिकलोय की लेट म्हणजे करू देणे, जाऊ देणे. तो अर्थ लावला तर वाक्य होतं 'परवानगीशिवाय जाऊ द्या', म्हणजे बरोब्बर उलटं.

खरी गोष्ट अशी की इंग्रजीत लेट नावाची दोन क्रियापदं होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत एक होतं 'लेटान', त्यातला ए लांब उच्चारायचे, अर्थ सोडणे, राहू देणे, करू देणे. दुसरं 'लेत्तान', अर्थ अडवणे, खोळंबा करणे. उच्चारात स्पष्ट फरक होता त्यामुळे कुणाचा गोंधळ होत नव्हता. पुढच्या काही शतकांत शेवटचे प्रत्यय झडले, लांब स्वर आखूड झाला आणि दोन्ही शब्द हुबेहूब सारखे झाले, म्हणजे एकाच शब्दाने 'जाऊ दे' पण म्हणायचं आणि 'अडव' पण म्हणायचं. असं फार काळ चालत नाही. अडवणारं लेट बोलण्यातून गेलं आणि दोनचार कोपऱ्यांत अडकून राहिलं, त्यातला एक कोपरा आपला पासपोर्ट. ब्रिटिश पासपोर्टातही हेच शब्द आहेत, आपण ते तिथूनच उचलले.

माझं मत स्पष्ट आहे, काढून टाका. अमेरिकन पासपोर्टात त्याच जागी 'विदाउट डिले ऑर हिंड्रन्स' आहे, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मेलेला शब्द जपायला शब्दकोश आहेत की, त्यासाठी नागरिकाच्या हातातला कागद कशाला?

कोर्टकचेरी
पूर्ण असहमत. कायद्याच्या इंग्रजीत अशा जोड्या शेकड्याने आहेत, नल अँड व्हॉइड, सीझ अँड डिसिस्ट, विल अँड टेस्टामेंट. 1066 नंतर इंग्लंडच्या राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, प्रजेची इंग्रजी राहिली, लिखापढीत लॅटिन होतंच, त्यामुळे पुष्कळदा दोन भाषांमधले शब्द शेजारी ठेवायची सवय लागली. लेट ऑर हिंड्रन्समध्ये दोन्ही शब्द इंग्रजीच आहेत पण सवय तीच. आपणही 'अटी व शर्ती' म्हणतोच ना, त्यातली शर्त अरबीतून आली. कागदपत्रं म्हणतो, कागद फारसीतला आणि पत्र संस्कृतातलं. कुणी म्हणतं का त्यातला एक काढा?

जोडीतला एक शब्द कळला की दुसऱ्याचा अर्थ आपोआप लागतो. 'ऑर हिंड्रन्स' वाचल्यावर लेटचा अर्थ परवानगी घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आणि इमिग्रेशनचा अधिकारी ते पान वाचत नाही, तो व्हिसा बघतो, फोटो बघतो, शिक्का मारतो. मग नुकसान कुणाचं होतंय?

पाटीपेन्सिल
@कोर्टकचेरी अटी आणि शर्ती दोन्ही आज जिवंत आहेत हो, दोन्ही सुटे सुटे वापरले जातात, त्यामुळे ती तुलना इथे लागू होत नाही. 'मला लेट आला' असं अडथळा या अर्थाने कुणी म्हणतं का? आणि अधिकारी वाचत नाही म्हणून तर मी जास्त आग्रहाने सांगतोय, कारण मग तो मजकूर उरतो फक्त धारकासाठी. परक्या देशात आपलं प्रजासत्ताक आपल्या वतीने काय मागतंय हे त्या माणसाला समजायला नको? त्याच पासपोर्टात हिंदीत 'बिना रोक-टोक' लिहिलंय, किती स्वच्छ आहे बघा. शाळेत कधी न गेलेल्या बाईलाही वाचून दाखवलं तर कळेल. हिंदीला जे जमलं ते इंग्रजीने का करू नये?

जुनंपान
धागाकर्त्याशी सहमत, आणि यात एक भर घालते. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ही दोन्ही लेट अक्षरशः एका अध्यायात सापडतात. निर्गम या पुस्तकाचा पाचवा अध्याय. पहिल्या ओवीत मोशे आणि अहरोन फारोला देवाचा निरोप देतात, 'लेट माय पीपल गो', माझ्या लोकांना जाऊ दे. तीनच ओव्या पुढे फारो उलट विचारतो की तुम्ही लोकांना कामापासून लेट का करता, म्हणजे कामात खोडा का घालता! गुलामांच्या सुटकेची मागणी आणि ती मोडून काढणाऱ्या राजाचा दरडावणारा प्रश्न, दोघांनाही एकच शब्द. मला हे वाचताना दर वेळी थरारून जायला होतं.

त्याच भाषांतरात पौलाच्या रोमकरांस पत्रात 'मी यायचं ठरवलं पण आजवर लेट झालो' अशा अर्थाचं वाक्य आहे, तिथेही अडवला गेलो असाच अर्थ आहे, उशीर झाला असा नाही. पण 1881 ला नव्या कराराची सुधारित आवृत्ती आली तेव्हा तिथे सरळ 'हिंडर्ड' घातलं. धर्मग्रंथाच्या बाबतीत लोक किती हळवे असतात, तरी तिथे बदल झाला कारण वाचणाऱ्याला चुकीचा अर्थ लागत होता. मग पासपोर्टाच्या मजकुराला एवढं सोवळं कशाला?

बेसलाईन
आमच्या टेनिसमध्ये अजून आहे की ते. सर्व्हिस नेटला लागून योग्य बॉक्समध्ये पडली की लेट, परत सर्व्हिस. बरेच जण समजतात की ते नेटचंच बिघडलेलं रूप आहे, तसं नाही, हाच तो अडथळावाला लेट. खेळताना शेजारच्या कोर्टवरून बॉल आत आला तरी लेट देतात, तिथे नेटचा काय संबंध? आणि गंमत म्हणजे टेनिसच्या नियमांत लेट आणि हिंड्रन्स असे दोन वेगळे नियम आहेत, म्हणजे पासपोर्टातली जोडी तिथे अजून आपापलं काम करतेय. म्हणून शब्द मेलाय हे मला मान्य नाही. टेबल टेनिस खेळणारी दहा वर्षांची पोरं दिवसभर लेट लेट ओरडत असतात.

पाटीपेन्सिल
@बेसलाईन खेळात त्याला आज स्वतःचा नेमका अर्थ आहे, पॉइंट परत खेळायचा. तो राहू द्या, मी त्याच्या विरोधात नाहीच. पण त्या पोरांना तो अर्थ पासपोर्टाच्या वाक्यात घालायला सांगा, काहीच हाताला लागणार नाही.

राईनकाठ
उशिरा आलोय धाग्यावर पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी जर्मनीत राहतो आणि इथे या दोन्ही क्रियापदांची भावंडं रोज कानावर पडतात. जाऊ देणाऱ्या लेटचं जर्मन भावंड 'लासेन', ते करू देणे आणि करवून घेणे दोन्हींसाठी चालतं, म्हणजे मुलाला खेळू देतो तिथेही लासेन आणि केस कापून घेतो तिथेही लासेन. इंग्रजी लेटलाही पूर्वी ही करवून घेण्याची छटा होती, राजाने पूल 'लेट मेक' केला म्हणजे बांधवून घेतला. पुढे ते काम मेक, हॅव, गेट यांनी वाटून घेतलं. आणि अडवणाऱ्या लेटच्या गोतातलं इथे उरलंय 'फरलेत्सेन', त्याचा अर्थ आज जखमी करणे. डचमध्ये 'बेलेटन' म्हणजे अजूनही रोखणे, तिथे तो शब्द धडधाकट आहे.

पण महत्त्वाचं पुढेच आहे. ही दोन क्रियापदं मुळात परकी नाहीत, खूप मागे गेलं तर दोन्ही एकाच मुळाची, ढिलं सोडणे, सैल पडणे या अर्थाची. जो सैल पडतो तो मागे राहतो, रेंगाळतो, त्यावरून इंग्रजीतला उशीरवाला लेट आला, आणि एखाद्याला रेंगाळायला लावणे, मागे पाडणे, त्यावरून अडवणारं लेत्तान. देवनागरीत आपण तिन्ही 'लेट'च लिहितो आणि नकळत एका कुटुंबाला परत एका घरात आणतो. एवढं सगळं एका शब्दात साठलेलं असताना तो सरकारी कागदावरून पुसावा असं मला वाटत नाही. मत विरोधात.

जुनंपान
@राईनकाठ फार सुंदर माहिती, पण तुमचा मुद्दा तुमच्याच विरोधात जातोय असं मला वाटतं. लेत्तानचा जुना अर्थ उशीर करायला लावणे असेल, तर अमेरिकन पासपोर्टातलं 'डिले' त्याच्या सगळ्यात जवळ आहे. शब्द गेला पण अर्थ आपल्या जुन्या जागी पोचला.

राईनकाठ
हे मान्य करावं लागेल. तरी हॅम्लेटचं काय कराल? बापाचं भूत खुणावतंय, मित्र त्याला धरून ठेवतायत, आणि तो ओरडतो की जो मला लेट करील त्याचंच भूत करीन. आजच्या अर्थाने वाचलं तर जाऊ देणाऱ्यालाच मारीन असं होतं. शब्दाची ओळख कुठेच राहिली नाही तर पुढच्या पिढीला हे वाक्य टीपा बघूनच वाचावं लागेल.

पाटीपेन्सिल
ते आजही टीपा बघूनच वाचतात आणि त्यात काही वाईट नाही. नाटकाला टीपा देता येतात, पासपोर्टाला नाही.

सातबारा
मला इंग्रजीतलं एवढं कळत नाही पण जमिनीचे कागद पुष्कळ बघितलेत म्हणून लिहितोय. मराठी खरेदीखतात शेवटी असतंच, की मिळकतीवर कुणी हक्क सांगत आल्यास त्याचं निवारण मी करून देईन, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. आता तोशीस हा शब्द रोजच्या बोलण्यात किती जण वापरतात? पण आमच्याकडे खत वाचून दाखवताना त्या शब्दाशी आलं की म्हातारी माणसं मान डोलावतात, त्यांना तो शब्द म्हणजे विकणाऱ्याने दिलेलं वचन वाटतो. तो काढून 'त्रास' घातला तर वजन जाईल. म्हणून मी जुन्या शब्दांच्या बाजूने.

दुसरीकडे 'हरकत' बघा. अरबीत हालचाल, हिंदीत कुणी हरकत केली म्हणजे काहीतरी वावगं वागला, आणि मराठीत आली तेव्हा झाली आक्षेप, आडकाठी. आपण सरकारी ऑफिसात ना हरकत दाखला मागतो तेव्हा कुणी अरबी अर्थ काढत बसत नाही. म्हणजे हलण्याचा शब्द अडवण्याचा झाला, आणि तुमचा तो लेट अडवायचा होता तो सोडण्याच्या शब्दात बुडून गेला.

पाटीपेन्सिल
@सातबारा दादा, तुमची हरकत माझ्याच बाजूने साक्ष देतेय. मराठी माणसाला हरकत म्हटलं की आडकाठीच कळते म्हणून तो शब्द दाखल्यावर शोभतो. तोशीसही ज्यांच्यासाठी लिहिली त्यांना कळते, तुम्हीच सांगताय मान डोलावतात म्हणून. लेटशी आल्यावर कुणाची मान डोलते? माझा राग जुन्या शब्दांवर नाहीच. ज्याच्या नावाने कागद लिहिलाय त्याला तो कळत नाही आणि तरी आपण परंपरा म्हणून छापत राहतो, ही सवय मला खुपते. इंग्रजी आपल्याकडे आधीच अनेकांना दाराबाहेर उभं करते, त्यात भर कशाला घालायची.

कोर्टकचेरी
भावना पोचली. पण डिलेला माझा विरोध कायम. मुळात काही असो, आजच्या इंग्रजीत डिले म्हणजे फक्त उशीर. मला सीमेवर थांबवलंच नाही, पण सामान काढून घेतलं किंवा भलत्याच खोलीतून फिरवत नेलं तर उशीर झाला नाही, अटकाव मात्र झाला. त्याला तुम्ही म्हणाल हिंड्रन्स आहेच, मग पहिला शब्द ठेवायचाच कशाला, नुसतं 'विदाउट हिंड्रन्स' करा. बदलायचंच असेल तर मी त्याला एकवेळ तयार होईन.

आणि मिळकतीच्या इंग्रजी दस्तांत लेट, हिंड्रन्स, इंटरप्शन, क्लेम अशी माळच असते, तिथून तो काढायला मी अजिबात तयार नाही. तिथे एक शब्द गाळला तर समोरचा वकील विचारणार की आधीच्या दस्तात होता, या दस्तात का नाही, मुद्दाम गाळला का? पक्षकाराला मी त्या जोखमीत टाकणार नाही.

पाटीपेन्सिल
नुसतं 'विदाउट हिंड्रन्स' मला चालेल. मिळकतीच्या दस्तांचं मात्र पटलं नाही, भाड्याच्या करारात तर दोन्ही लेट समोरासमोर येतात, घर 'लेट' केलंय आणि भाडेकरूला ते 'लेट'शिवाय उपभोगू द्यायचंय, टू-लेटच्या पाटीवरचा शब्द आणि हा शब्द सही करणाऱ्याने वेगळे कसे काढायचे? त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या.