बहिणींची गोष्ट म्हणून हातात घेतलं, पण बहिणी आहेत कुठे?

निवांत_मावशी
भाचीनं हातात कोंबलं म्हणून कॅथरीन डॉयल आणि कॅथरीन वेबर यांचं 'ट्विन क्राउन्स' (२०२२) वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्मतःच ताटातूट झालेल्या जुळ्या राजकन्या. रोझ ॲनाडॉनच्या राजवाड्यात वाढली. रेन समुद्रकाठच्या ऑर्थाला, चेटकिणींमध्ये, आजीच्या हाताखाली. राज्याभिषेक तोंडावर असताना रेन वाड्यात शिरून रोझ बनते आणि तिचा मित्र शेन खऱ्या रोझला उचलून वाळवंटापार नेतो.

इथवर झकास. पण त्यानंतर दोघी दोन दिशांना. एक प्रकरण हिचं, एक तिचं. रेनच्या वाट्याला पाहुण्या राजपुत्राचा अंगरक्षक टॉर, रोझच्या वाट्याला शेन. 'तू गादीवर झोपलीस आणि मी खडकावर' हे कुणीतरी कुणाच्या तोंडावर म्हणायला हवं की नको? दोघी समोरासमोर येतात तोवर पुस्तक संपत आलेलं असतं. प्रेमानं बहिणींची जागा खाल्ली, असं माझं स्पष्ट मत.

चहाबाज
असहमत. रोझला लहानपणापासून काय पढवलंय? चेटकिणींनी तुझ्या आईवडलांना मारलं. पढवणारा कोण, तर तिच्या नावानं कारभार हाकणारा रॅथबोर्न. असलं हाडात मुरलेलं वैर अचानक उगवलेल्या बहिणीच्या चार वाक्यांनी जाईल? त्यासाठी त्या लोकांत जाऊन राहावंच लागतं. शेन स्वतः त्यांच्यातलाच. त्यामुळे ते प्रेमप्रकरण फोडणीला घातलेलं नाही, रोझचं मत बदलतं ते तिथेच.

टॉरबद्दल मात्र तुमच्याशी थोडा सहमत. तिथे 'शत्रूच्या गोटातला देखणा शिपाई' एवढंच आहे.

राधाक्का
ही गोष्ट आपल्याला नवी का वाटावी? कर्ण आठवा. जन्मल्याबरोबर दूर गेला, सारथ्याच्या घरी वाढला. युद्धाच्या तोंडावर कुंतीनं खरं सांगितलं तरी राधेयच राहिला. रेनचंही तेच. रक्त राजघराण्याचं, पण जीव ऑर्थात. सख्खी बहीण समोर आली म्हणून माया आपोआप फुटत नाही, हे लेखिकांना कळलंय. मला तर दोघी फार लवकर जवळ आल्या असं वाटलं!

निवांत_मावशी
राधाक्का, कर्ण माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! कर्ण आणि अर्जुन भर रंगभूमीवर समोरासमोर येतात, स्वयंवरात येतात, शेवटी कुरुक्षेत्रावर. आपल्याला नातं ठाऊक, अर्जुनाला नाही. म्हणून प्रत्येक भेटीत पोटात गोळा येतो. दोघांना वेगवेगळ्या गावी ठेवलं असतं तर?

आणि अदलाबदलीचंच म्हणाल तर एरिश केस्टनरच्या जुळ्या बहिणी, एक वडलांकडे आणि एक आईकडे वाढलेली, लुईझ आणि लोट्टे (मूळ जर्मन पुस्तक १९४९चं) आधी सुट्टीतल्या शिबिरात भेटतात, भांडतात, मग वह्यांमध्ये एकमेकींचं घर लिहून पाठ करतात. तरी लुईझ आईकडे गेल्यावर फजिती होतेच, कारण तिथे स्वयंपाक लेकीनं करायचा असतो आणि हिला काही येत नाही. बहीण समोर नसूनही त्या पातेल्यात बहीण आहे. इथे तसं पातेलं मला सापडलं नाही.

चहाबाज
त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरी हो. ह्या अठराव्या वर्षी गादीवर बसणार. त्या वयात प्रेम नाही तर काय वरणभात?

फक्त_वाचणारी
पहिल्यांदाच लिहितेय. माझी शंका साधी आहे. रोझची मैत्रीण सेलेस्ट, तिला संशय येतो. मग बाकी वाडा काय झोपलाय? रोज केस विंचरणाऱ्या बाईला डोक्यावरचा भोवरा कुठल्या बाजूला आहे इथपासून माहीत असतं. माझ्या शेजारी जुळ्या मुली आहेत, त्यांच्या भाजीवालीलासुद्धा फरक कळतो.

चहाबाज
'सीता और गीता'त हेमामालिनी पोलीस ठाण्याच्या पंख्यावर चढून बसली तरी काकूला कळलं नव्हतं. कथेचा करमणूक कर आहे तो, भरायचा आणि पुढे जायचं.

राधाक्का
अवांतर: दोघी लेखिका नात्यानं नणंद-भावजय. एकत्र पुस्तक लिहून बोलणं शाबूत ठेवलं आणि वर तीन भाग पुरे केले, याचं मला कादंबरीपेक्षा जास्त कौतुक.

निवांत_मावशी
तीन? मग दुसऱ्यात तरी बहिणी एका छपराखाली नांदतात का?

चहाबाज
'कर्स्ड क्राउन्स', २०२३. पुढे रहस्यभेद आहे, नको असेल तर वाचू नका.
.
.
.
रेन आजीला सोडवायला टॉरच्या देशात, गेव्हराला जाते. रोझ दुसरीकडे.

निवांत_मावशी
पुन्हा?!

भाचीला फोन लावलाय. भांडायला. दुसरा भाग तिच्याकडेच आहे, तोही मागून घेते.