मदत हवी आहे: हॉटेलांच्या खरेदीवाल्यांसमोर १२ मिनिटांत काजूगर कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ आमचा काजू फोडायचा लहान कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, गेली चार वर्षं मी बघते. अकरा बायका कामाला आहेत. येत्या २३ तारखेला पणजीत हॉटेलांची खरेदी बघणाऱ्या लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं आहे. बोलायला १२ मिनिटं, प्रश्नांना ५. माझा नंबर जेवणाच्या सुट्टीआधीचा, शेवटचा.

गेल्या वर्षी अशाच एका बैठकीत माझं गणित पार चुकलं. २८ स्लाइड केल्या होत्या. सुरुवात केली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तिथून. मग बिया उन्हात वाळवणं, वाफवणं, थंड झाल्यावर कटरवर फोडणं, बोरम्यात (गर सुकवायच्या भट्टीत) सुकवणं, साल काढणं, निवडणं, सगळ्याचे फोटो. टरफलातल्या तेलानं बायकांच्या हातांची कातडी सोलवटते, म्हणून हाताला तेल चोपडून त्या फोडायला बसतात. हे लोकांना कळावं असं मला फार वाटत होतं, अजूनही वाटतं. पण एकविसाव्या स्लाइडवर वेळ संपला आणि दर होते सव्विसाव्या. त्यात मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तिथल्या लॅपटॉपवर त्याची नुसती चित्रविचित्र चिन्हं झाली. एका गृहस्थांनी विचारलं, "ग्रेड कुठला आणि दर काय?" मी स्लाइड शोधेपर्यंत ते उठून गेले.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. अडचणी अशा:

सुरुवात कशानं करू? आणि भाषा कुठली? घरी कोकणी, शाळा मराठी, त्यामुळे विचार या दोन भाषांत येतात. समोर गोवेकर असतील, दिल्ली-केरळचेही असतील. इंग्रजी वाचून दाखवता येतं, पण मध्येच प्रश्न आला की अडखळते.

दुसरं म्हणजे आमचा दर बाजारापेक्षा जास्त आहे. बी आजूबाजूच्या काजूच्या झाडांचीच घेतो. बाजारात आफ्रिकेतून आलेल्या बियांचा गर स्वस्त मिळतो. हे दुसऱ्याच्या मालाला नावं न ठेवता कसं सांगायचं?

प्रतिसाद १

ताई, मी कळंगुटला एका हॉटेलात बरीच वर्षं खरेदी बघितली. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

दर आणि ग्रेड दुसऱ्याच स्लाइडवर आणा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. हे खरेदीवाल्याला ठाऊक असतं, पण हॉटेलात शेफही बसलेले असतात, त्यांना नसतं. त्यांना आकडा सांगू नका, दोन वाट्या पुढे ठेवा. आणि पाकळी (दोन भाग झालेला गर), कणी (तुकडे) विसरू नका. स्वयंपाकघरात ग्रेव्हीला अख्खा गर वाटतं कोण? पाकळीचा दर वेगळा सांगितलात तर "जास्त दर" ही तक्रार अर्धी तिथेच मिटते.

उरलेली अर्धी चवीनं मिटवा. तुमचा गर आणि बाजारातला गर शेजारी ठेवा, कंपनीचं नाव न घेता. आधी खायला द्या, मग बोला. जेवणाआधीचा नंबर म्हणजे समोरचे भुकेले आहेत, तुमच्यासाठी चांगलंच आहे.

प्रश्न ठरलेले असतात: एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) चौदा आकडी परवाना, पावसाळ्यात गर मऊ पडू नये म्हणून पॅकिंग कसं, महिन्याला किती किलो नक्की देणार आणि उधारी किती दिवस. शेवटच्यावर बऱ्याच जणांची जीभ अडखळते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. भांडायच्या सुरात नको, दरपत्रकाच्या तळाशी एक ओळ छापा.

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी लागते. झाली असेल तरच स्लाइडवर टाका.

प्रतिसाद २

भाषेबद्दल. नमस्कार आणि पहिली दोन वाक्यं कोकणीत बोला, तिथे तुमचा आवाज मोकळा असेल. पुढचं साध्या इंग्रजीत, लहान वाक्यांत, वाचून नव्हे. वर सांगितलेले ते चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाठ करा. प्रश्न कळला नाही तर हिंदीत पुन्हा विचारायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

सात-आठ स्लाइड पुरे. घरी उभं राहून, घड्याळ लावून तीनदा बोला. घरी दहा मिनिटांत संपलं तर तिथे बारा लागतील. फाइल युनिकोडमध्ये करा, पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवा. चव देताना कीबोर्डवर इंग्रजी बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. लोक वाटीकडे बघतील.

हातांचा फोटो वगळू नका हो. एकच ठेवा, दर सांगून झाल्यावर. दर जास्त का, त्याचं उत्तर त्याच फोटोत आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री २८ च्या आठ केल्या. पोर्तुगीज गेले, बोरम्याचा फोटो गेला, हात राहिले. पाकळीचा दर वेगळा सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आजवर ती आम्ही मिठाईवाल्याला एकगठ्ठा देत आलो. पहिल्यांदा बोलले तेव्हा साडेचौदा मिनिटं लागली, आज पावणेबारा.

एक राहिलंच. नमुना म्हणून प्रत्येकाला शंभर ग्रॅमची पिशवी द्यायची आहे. ती बोलायच्या आधी टेबलांवर ठेवू की निघताना हातात देऊ?