अश्वगंधेने धडधड थांबते, मग गोळ्या कचऱ्यात टाकायच्या?

शंकासुर: ‘चिंतेने धडधडतंय? अश्वगंधा घ्या, शांत करणाऱ्या गोळ्या कचऱ्यात टाका, झाडपाल्याने अपाय होत नाही’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. 2012 चा तो गाजलेला प्रयोग सगळे नाचवतात. 64 माणसं, 60 दिवस, रोज दोनदा 300 मिलिग्रॅम. ताण कमी झाला, मान्य. पण 64 जणांच्या जिवावर जगाच्या गोळ्या बंद करायच्या? त्यातही तो ठरावीक ताकदीचा मुळांचा अर्क होता, डब्यातलं चूर्ण नव्हे. आणि अपाय नाही म्हणे! यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदलेले आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आणखी जपून.

मूळपुरुष: पोस्ट माझीच. वर्षभर शांत करणारी गोळी घेतली, सोडताना हात लटलटायचे. त्यावर चकार शब्द नाही? अश्वगंधेने दीड महिन्यात उतार पडला. तुमचे 64 तुम्हाला लखलाभ.

शंकासुर: एकदम सोडली असणार. ती हळूहळू उतरवायची असते.

मूळपुरुष: हे सांगायला तेव्हा कोणी होतं का?

निवांत: माझ्या डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली. वैद्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं, निम्मी धाकधूक तिथेच गेली.

शंकासुर: म्हणजे गुण ऐकण्याचा, मुळीचा नव्हे!

निवांत: असेना का. तुम्ही तरी कुठे ऐकताय?

कडूकिराईत: सर्पगंधा विसरलात सगळे. सेन आणि बोस या डॉक्टरांनी 1931 मध्येच वेडावर आणि रक्तदाबावर ती चालते असं लिहिलं. 1949 मध्ये डॉ. रुस्तम वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा गुण दाखवून दिला, तेव्हा पाश्चात्त्य जगाला जाग आली. 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं निघालं. मुळी आपली, गल्ला स्विस कंपनीचा!

शंकासुर: त्याच रेसर्पिनने नैराश्य येतं अशा तक्रारी आल्या होत्या. झाडपाल्यातूनच निघालं ना ते?

कडूकिराईत: वैद्य अख्खी मुळी देत. एकच द्रव्य पिळून काढलंत तुम्ही, आणि बोल मुळीला?

शंकासुर: मी काढलं?? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

निवांत: अहो, धागा धडधडीचा आहे. आता तुमच्यामुळे माझीच वाढली.

मूळपुरुष: बरं बाबा, ‘कचऱ्यात टाका’ काढलं पोस्टमधून. झालं समाधान? चूर्ण मात्र चालूच राहणार.

शंकासुर: राहू द्या. यकृताची तपासणी तेवढी करून घ्या, आणि डॉक्टरांपासून चूर्ण लपवू नका.

कडूकिराईत: आणि गल्ल्याचं काय?